सहा फुटी टँक विकायचाय? मग आधी रिकामा करू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडला चौथ्या मजल्यावर ६ × २ × २ फुटांचा माशांचा टँक आहे, १२ मिलिमीटर काचेचा, स्थानिक कारागिराकडून सात वर्षांपूर्वी करून घेतलेला. खाली लोखंडी स्टँड, त्यात दोन कॅनिस्टर (टँकबाहेर बसणारे डब्यासारखे फिल्टर), एक ईहाइम कंपनीचा आणि एक सनसनचा, शिवाय पाणी निर्जंतुक करणारा एक यूव्ही दिवा. आत एक सिल्व्हर अरोवाना, दोन ऑस्कर आणि फूटभर वाढलेला, काच चाटणारा सकर मासा. नागपूरला बदली झाली आहे आणि हातात सहा आठवडे आहेत. दुकानदाराने सगळ्याची मिळून जी किंमत सांगितली ती ऐकून तुम्हाला वाईट वाटले. आता टँक रिकामा करून, घासूनपुसून बाल्कनीत ठेवावा आणि मग जाहिरात टाकावी असा तुमचा विचार आहे, आणि किंमत किती लावावी हे विचारताय.

रिकामा करू नका. वीसेक वर्षं मी पुण्यात मोठे टँक बसवतो, उतरवतो, एका घरातून दुसऱ्या घरात नेतो. चांगले टँक मातीमोल भावाने गेलेले पाहिले, ते बहुतेक वेळा याच एका घाईमुळे. भरलेला, चालता टँक स्वतःच सगळं सांगतो. सांधे कोरडे आहेत, पंप आवाज करत नाहीत, पाणी नितळ आहे, मासे खातात. घेणारा दहा मिनिटं समोर उभा राहिला की त्याची निम्मी शंका तिथेच मिटते. तोच टँक कोरडा करून बाल्कनीत ठेवला की उरते काच. आणि काचेची तुलना तो लगेच नव्या काचेशी करतो.

आपल्याकडे मोठे टँक कारखान्यातून खोक्यात बंद होऊन येत नाहीत. माप दिलं की काचवाला आठवड्याभरात जोडून देतो, ताज्या सिलिकॉनसकट. त्यामुळे नुसत्या जुन्या काचेला फार मोल कधीच येत नाही. नव्या टँकला जे देता येत नाही ते तुमच्याकडे आहे: सात वर्षं न गळलेले सांधे आणि मुरलेला फिल्टर. या दोन्ही गोष्टी पाणी असेपर्यंतच दाखवता येतात.

बाल्कनीचा धोका वेगळाच. सिलिकॉन कोरडं पडलं म्हणून लगेच मरत नाही. पण टँक उंचसखल फरशीवर टेकवला, आत घरातलं सामान भरलं, एखादा कोपरा हवेत राहिला, की सांध्यावर भलताच ताण येतो. एका घरी असाच चार फुटी टँक अख्खा मे महिना गच्चीवर पडला होता. पावसाळ्यात नव्या मालकाने भरला तर मागच्या खालच्या सांध्यातून थेंब थेंब सुरू. काच शाबूत होती, पण सगळं सिलिकॉन खरवडून काढून टँक पुन्हा जोडावा लागला. तिथे नुसता थर लावून भागत नाही, कारण नवं सिलिकॉन जुन्या सिलिकॉनला नीट धरत नाही.

किमतीचं सांगतो. खरेदीच्या पावत्या बाजूला ठेवा. त्या बेरजेचा घेणाऱ्याशी संबंध नाही, आणि ती समोर असली की तुम्हालाही प्रत्येक आकडा अपमानासारखा वाटतो. एखाद्या काचवाल्याला फोन करून आज याच मापाचा, याच जाडीचा टँक केवढ्याला पडेल ते विचारा. माझ्या हिशेबाने सात वर्षांच्या, न गळणाऱ्या टँकला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मिळाले तर व्यवहार चांगला झाला. स्टँडची वेगळी किंमत लावू नका, तो टँकसोबतच जातो. मात्र पायांशी गंज असेल तर तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइडचा हात मारा. ईहाइमला आजच्या नव्या किमतीच्या निम्म्यापर्यंत मागायला हरकत नाही, कारण त्याचे इम्पेलर (पाणी ढकलणारं चक्र), शाफ्ट (त्याची दांडी), ओ-रिंग (झाकणाचं रबरी कडं) सुटे मिळतात आणि जाणकार माणूस नेमका तोच शोधत असतो. सनसनला चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा. यूव्हीची ट्यूब सतत चालू असेल तर वर्षभरात तिचा जोर ओसरतो, प्रकाश दिसत राहिला तरी. ट्यूब कधी बदलली ते आठवत नसेल तर ती संपलेलीच आहे असं सांगा आणि फक्त बाहेरच्या डब्याची किंमत घ्या. हीटर विकू नका. जुन्या हीटरची काच कधी तडकेल याचा भरवसा नाही आणि पाण्यात वीज उतरते. तो मोडीत टाका.

दुकानदाराचा राग धरू नका. त्याला हमाल, टेम्पो, गोडाऊनची जागा, कदाचित पुन्हा जोडणी, हे सगळं त्याच आकड्यातून काढायचं असतं. पण पहिला फोन त्याला करू नये. चौथ्या आठवड्यापर्यंत गिऱ्हाईक मिळालं नाही तर करावा.

जाहिरातीत लोक 'अर्जंट सेल, बिग टँक, ऑल अॅक्सेसरीज' एवढंच लिहितात आणि मग दिवसभर 'लास्ट प्राइस?' असे मेसेज येत राहतात. त्यापेक्षा साध्या मराठीत असं काहीसं लिहा:

'६ × २ × २ फूट टँक, १२ मिमी काच, सात वर्षं जुना, कधी गळलेला नाही. सध्या पाणी आणि मासे आहेत, चालू स्थितीत येऊन पाहा. पुढच्या काचेवर डाव्या बाजूला दोन ओरखडे, फोटोत दिसतील. दोन कॅनिस्टर आणि लोखंडी स्टँड सोबत. कोथरूड, चौथा मजला. टँक लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्याने उतरवावा लागेल, सहा माणसं लागतील. अमुक तारखेनंतर नेता येईल.'

लिफ्टचं आणि ओरखड्यांचं आधीच लिहिलं की कमी फोन येतात, पण जे येतात ते घेणारेच असतात. फोटोत टँकला मोजपट्टी लावा. खालच्या चारही सांध्यांचे बॅटरीच्या उजेडात जवळून फोटो काढा. कॅनिस्टरचा आवाज ऐकू येईल असा, पंखा बंद करून काढलेला, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ टाका. ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस आणि शहरातले मासेवाल्यांचे व्हॉट्सअॅप गट, तिन्हीकडे टाका. मोठ्या टँकचं गिऱ्हाईक मला तरी गटांतूनच जास्त मिळालं आहे. मुंबईत असता तर कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या मासेबाजारातही तोंडी सांगून ठेवा म्हटलं असतं.

आता सांध्यांकडे स्वतः नीट बघा, घेणारा बघण्याआधी. दोन काचांच्या मधल्या सिलिकॉनच्या पट्टीत बुडबुडे किंवा दुधाळ डाग दिसतात का? आतल्या कडेच्या पट्टीचं टोक नखाने उचकटतं का? कडेच्या पट्टीवर शेवाळ धरलं असेल तर घाबरू नका, ती दुसरी फळी आहे. शेवाळ काचांच्या मधोमध शिरलं असेल तर ते गंभीर. असं दिसलं तर टँक 'पुन्हा जोडून घ्यावा लागेल' असं स्पष्ट सांगूनच विका, किंवा काचेत झाडं लावणाऱ्याला द्या. कुणाच्या दिवाणखान्यात सहाशे लिटर पाणी ओतलं जाणार असेल, तर थोड्या पैशांसाठी गप्प बसणं बरोबर नाही.

काचेवरचे पांढरे चट्टे क्षारांचे असतात. व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी फडक्यावर घेऊन पाण्याच्या पातळीच्या वरच्या भागाला लावा, थोडा वेळ थांबा, पुसा. साबण किंवा भांड्यांचं लिक्विड अजिबात नको. आणि कधी तांब्याचं औषध टाकलं असेल तर घेणाऱ्याला सांगा. ते वाळूत आणि सिलिकॉनमध्ये काही अंशी उरतं. झिंगे आणि गोगलगायी ठेवणाऱ्याचं त्याने नुकसान होतं.

फिल्टरवर जरा जास्त बोलतो, कारण खरे पैसे तिथे आहेत आणि चुकाही तिथेच होतात.

कॅनिस्टर उघडा, पण धुऊन लख्ख करू नका. आतल्या सिरॅमिक कड्यांवर आणि स्पंजवर जे जिवाणू बसलेत ते माशांच्या मलमूत्रातून आलेल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही वस्ती तयार व्हायला नव्या टँकमध्ये महिना-दीड महिना लागतो, आणि त्या काळात नवख्याचे मासे मरतात. तुमच्याकडे ती तयार आहे. ती धुतली की तुम्ही नुसतं प्लॅस्टिक विकता. ती जपली की घेणारा तुमचेच मासे तुमच्याच मीडियावर, म्हणजे याच कड्या आणि स्पंजवर, महिनाभर न थांबता सोडू शकतो. म्हणून स्पंज टँकच्याच पाण्याच्या बादलीत हलके पिळा, कड्या नुसत्या खळबळून घ्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते जिवाणूंना मारतं.

मग मोटरचं डोकं बघा. इम्पेलर काढून त्याची पाती आणि मधला शाफ्ट तपासा. सिरॅमिक शाफ्टला बारीक चीर असली की फिल्टर घरघरतो. ओ-रिंगला बोटाने सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, त्याने रबर फुगतं. पाइप कडक झाले असतील तर टोकाचे दोन इंच कापून टाका, नवी पकड मिळते. कॅनिस्टरच्या पाइपांवरच्या तोट्या अगदी सांभाळून फिरवा. जुन्या कॅनिस्टरमध्ये सगळ्यात आधी त्याच मोडतात. खोक्यावर छापलेला 'ताशी इतके लिटर' हा आकडा रिकाम्या फिल्टरचा आणि शून्य उंचीचा असतो. मीडिया भरल्यावर आणि पाणी चार फूट चढवल्यावर प्रत्यक्षात बरंच कमी येतं. घेणाऱ्याला हे तुम्ही स्वतःहून सांगा. तो दोन टँकसाठी दोन फिल्टर वेगवेगळे लावायच्या विचारात असेल, तर त्यातला एक त्याला अपुरा पडू शकतो.

सगळं एकत्र विकायचं की सुटं? पहिले तीन आठवडे एकत्र. ईहाइमला सुटं गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी येईल आणि मोह होईल. पण तो गेला की उरलेल्या टँकवर फिल्टर अपुरा पडेल, अरोवाना-ऑस्करसारख्या घाण करणाऱ्या माशांना त्रास होईल, आणि काच एकटी पडेल. चौथ्या आठवड्यात हवं तर सुटं करा.

माशांबद्दल. तुमचा सिल्व्हर अरोवाना विकायला कायद्याची अडचण नाही. एशियन अरोवाना, म्हणजे लाल किंवा सोनेरी, असता तर गोष्ट वेगळी होती. तो साइट्सच्या, म्हणजे दुर्मीळ जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी आणि मालक बदलल्याची माहिती द्यावी लागते. समुद्री टँक विकणाऱ्यांनीही हे वाचावं: प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ पासून याच कायद्याने संरक्षित आहेत. टँक, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) खुशाल विका. त्यांच्यासोबत प्रवाळ 'फ्री' देऊ नका.

सकर कुणी घेणार नाही, कारण तो सगळ्यांकडे आहे. तरी तो मुळा-मुठेत किंवा कुठल्या तलावात सोडू नका. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात आज हा दक्षिण अमेरिकेतला मासा येतो, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. तो तिथे आपोआप गेलेला नाही. टँक घेणाऱ्यालाच 'सगळे मासे घेणार असाल तर किंमत थोडी कमी करतो' असं सांगा. त्या थोड्या सवलतीत चार जीव एकत्र, ओळखीच्या पाण्यात आणि ओळखीच्या फिल्टरवर जातात. माझ्या मते तीच सगळ्यात चांगली विक्री.

मासे आधी वेगळे विकले गेले तर फिल्टर उपाशी राहू देऊ नका. अमोनिया बंद झाला की जिवाणूंची वस्ती काही आठवड्यांत घटत जाते. दोन-चार स्वस्त मासे ठेवा किंवा रोज चिमूटभर खाद्य टाका.

पैशांचं. टोकन हातात येईपर्यंत एक बादलीही पाणी काढू नका. पैसे घेताना यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. 'मी फौजेत आहे, माणूस पाठवतो, तुम्ही हा कोड स्कॅन करा' असा फोन आला तर ठेवून द्या. टँक न बघता लगेच पूर्ण किंमत देणारा माणूस मला आजवर खरा भेटलेला नाही. व्यवहार ठरल्यावर व्हॉट्सअॅपवर दोन ओळी लिहून ठेवा: टँक भरलेल्या स्थितीत पाहिला, गळती नाही, हलवल्यानंतरची जबाबदारी घेणाऱ्याची. कोरडं वाटतं, पण पुढचे गैरसमज टळतात.

घेणाऱ्याला एक गोष्ट मात्र तुम्ही स्वतःहून विचारा: टँक ठेवणार कुठे? हा टँक २४ घनफुटांचा, म्हणजे काठोकाठ सुमारे ६८० लिटर. नुसती काचच १२० किलोच्या वर भरते. वाळू, दगड आणि स्टँड धरून वजन ९०० किलोच्या आसपास जातं, आणि ते जेमतेम १.१ चौरस मीटर जागेवर उतरतं. राहत्या घराचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण २०० किलोच्या चलभारासाठी, म्हणजे माणसं आणि सामानाच्या वजनासाठी, धरलेला असतो. याचा अर्थ स्लॅब लगेच खचेल असा नाही, कारण तो भार आजूबाजूला वाटला जातो. पण खोलीच्या मधोमध ठेवायचा असेल किंवा इमारत जुनी असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय ठेवू नये. भिंतीलगत, बीमवर असेल तर बरं. तळमजला असेल तर प्रश्नच नाही.

हलवण्याचा दिवस सकाळी सुरू करा. माशांना आदल्या दिवशी खाऊ घालू नका, म्हणजे पिशवीतलं पाणी घाण होत नाही. हीटर लावलेला असेल तर पाणी काढण्याआधी वीसेक मिनिटं बंद करा. गरम हीटर हवेत उघडा पडला की फुटतो. आधी तीन-चार झाकणाच्या ड्रममध्ये टँकचंच स्वच्छ पाणी भरा. मासे त्यात, बॅटरीवर चालणारा एअर पंप लावून. अरोवाना ड्रममधूनही उडी मारतो, झाकण बांधा. जुनं पाणी याहून जास्त नेण्यात अर्थ नाही, जिवाणू पाण्यात नसतात, मीडियावर असतात. उरलेलं पाणी सोसायटीच्या झाडांना द्या, झाडं टवटवीत होतात. फक्त नुकतंच औषध किंवा मीठ टाकलेलं नसावं.

मीडिया कॅनिस्टरमध्ये बंद करून पाठवू नका. बंद डब्यात प्राणवायू काही तासांत संपतो, जिवाणू मरायला लागतात आणि दुसऱ्या टोकाला सडक्या अंड्यासारखा वास येणारं पाणी निघतं. ते टँकमध्ये गेलं तर मासे दगावतात. मीडिया उघड्या बादलीत, टँकच्या पाण्यात बुडेल असा न्यावा आणि पोहोचल्यावर सगळ्यात आधी त्याला एअर पंप लावावा. वाळू वेगळी काढा. तिच्या तळाशी काळे पट्टे दिसले तर तीही सडलेली आहे. धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नका.

टँक पूर्ण रिकामा झाल्याशिवाय उचलू नका. तळाशी चार बोटं पाणी राहिलं तरी ते एका बाजूला धावतं आणि सांधा उकलतो. वरच्या आडव्या काचेला धरून उचलायचं नाही, ती टँक फुगू नये म्हणून असते, वजन पेलायला नाही. हात तळाच्या काचेखाली, रबरी हातमोजे घालून, आणि जिन्यावर दोन पट्टे खालून. सहा माणसं म्हणजे सहाच. फक्त बोलायला वेगळा सातवा ठेवा, जो पुढे राहून वळण आणि पायऱ्या सांगेल. ओळखीचे हमाल असतील तरी आधी सांगा की ही काच आहे, कपाट नाही. छोट्या हत्तीत जुनी गादी पसरा, टँक तळावरच बसवा, आडवा पाडू नका, आणि दोन्ही बाजूंनी उशा कोंबून दोरी बांधा. पावसाळा असेल तर ताडपत्री.

नव्या जागी स्टँड गवंड्याच्या लेव्हलने तपासायला सांगा. टँकखाली नवा थर्माकोल हवा, जुना दबलेला नको. मासे सोडायच्या आधी टँक शेजारच्या खोलीत नाही, त्याच जागी भरून निदान २४ तास कोरड्या वर्तमानपत्रावर बघायला हवा. तोवर मासे आणि मीडिया ड्रममध्ये, एअर पंपवर थांबतात. पहिला आठवडा अर्धं खाद्य.

नागपूरला तुम्ही पुन्हा टँक लावाल असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. मग सनसनमधल्या कड्यांतला एक लहानसा भाग घेणाऱ्याला विचारून स्वतःसाठी ठेवा, जाळीच्या पिशवीत. ओल्या फडक्यात गुंडाळून झाकण अर्धवट ठेवलेल्या डब्यात नेलात तर रात्रभराचा प्रवास त्या सहज काढतात. तिकडे पोहोचल्यावर लगेच पाण्यात, हवा लावून, आणि चार लहान मासे सोबत.